खाणीतल्या धडकेनंतर टिप्परचालकाचे पुढचे उपचार: टाके निघाले, आता काय?

वर्धेकाठचा

माझे भाऊजी, वय ४०, वणी परिसरातील एका उघड्या कोळसा खाणीत कंत्राटदाराच्या टिप्परवर चालक होते. साडेतीन महिन्यांपूर्वी, २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, रात्रपाळीत ओबीची, म्हणजे कोळशावरच्या थराची, माती भरून ते चढणीने डंपकडे, म्हणजे ती टाकायच्या ढिगाऱ्याकडे, निघाले असताना वरून रिकामा येणारा दुसरा टिप्पर पाणी मारलेल्या हॉल रोडवर (खाणीतल्या वाहतुकीच्या रस्त्यावर) घसरला आणि त्यांच्या केबिनवर आदळला. डावा गुडघा डॅशबोर्डवर आपटून त्याच बाजूचा खुबा मागे निखळला आणि नडगी दोन ठिकाणी मोडली. नागपूरला खुबा बसवून नडगीत रॉड घातला आणि १९ दिवसांनी त्यांना घरी सोडले.

घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर 'दोन आठवड्यांनी दाखवणे, व्यायाम करणे' एवढेच लिहिले आहे. ते दोन वेळा दाखवून आले, टाके निघाले, आणि तेव्हापासून सगळे थांबले आहे. कंत्राटदाराचा मुनशी म्हणतो की ऑपरेशनचे बिल आम्ही भरले, उपचार संपले. पगार तर अपघाताच्या दुसऱ्या महिन्यापासूनच बंद आहे. ताई त्यांना घेऊन नागपूरला जायची तर तिचे एसटीचे अर्धे तिकीट, यांचे पूर्ण तिकीट, वर एक्स-रेचा खर्च आणि दिवसभराची खोटी, म्हणून 'पुढच्या महिन्यात पाहू' असे तीनदा झाले आहे. डाव्या पायाचा पंजा वर उचलत नाही, पायरी चढताना अंगठा अडकतो. रस्त्यावर एखादे वाहन मागे घेतानाचा भोंगा वाजला की ते जागेवर ताठ होतात.

पुढचे उपचार नेमके किती दिवस चालावे लागतात, त्याचा खर्च कोणी करायचा आणि ते पुन्हा गाडी चालवू शकतील का, असे माझे तीन प्रश्न आहेत. भाऊजी मात्र एकच प्रश्न विचारतात: 'क्लच दाबता येईल का?'

अस्थिपंजर

मी हाडांचा डॉक्टर आहे. रुग्ण न पाहता निदान करणार नाही, पण 'उपचार संपले' हे वाक्य या दुखापतीला मुळीच लागू पडत नाही, हे ठामपणे सांगतो. तुमच्या भाऊजींच्या एकाच पायात तीन वेगवेगळी घड्याळे चालू आहेत आणि कार्डावर त्यांतले फक्त पहिले, म्हणजे टाक्यांचे, लिहिलेले दिसते.

पहिले घड्याळ नडगीचे. दोन ठिकाणी मोडलेली नडगी सावकाश जुळते, त्यातून जखम उघडी असेल तर आणखी वेळ लागतो. दर चार ते सहा आठवड्यांनी एक्स-रे काढून हाडाभोवती नवी भर धरते आहे की नाही हे पाहिले पाहिजे. ती धरत नसेल तर रॉडचा एखादा स्क्रू काढणे किंवा हाडाची भर घालणे असे उपाय वेळेवर करता येतात. वर्षभराने रॉड तुटून आलेला रुग्ण मी पाहिला आहे आणि ते दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड होते.

दुसरे घड्याळ खुब्याचे, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. खुबा निखळतो तेव्हा मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा दुखावतो. सांधा सहा तासांच्या आत बसवला तर धोका कमी राहतो, उशीर होईल तसा तो वाढतो. गोळा वाळू लागल्याचे पहिले काही महिने साध्या एक्स-रेत दिसतही नाही. दोन वर्षांपर्यंत, काहींच्या बाबतीत त्यानंतरही, मांडीच्या सांध्यात किंवा गुडघ्यात दुखणे सुरू होऊ शकते. गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचेच एक्स-रे काढत बसलेले कितीतरी लोक असतात. खुबा नेमका किती तासांनी बसवला, हे कागदपत्रांतून शोधून काढा आणि एमआरआयबद्दल तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

तिसरे घड्याळ नसेचे आहे. पंजा वर उचलत नाही, याचा अर्थ खुब्याच्या मागून जाणारी नस ताणली किंवा चेपली गेलेली असू शकते. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढते आणि खुब्यापासून नडगीच्या स्नायूंपर्यंतचे अंतर किती आहे, ते तुम्हीच मोजा. आतापर्यंत नसेची तपासणी झालेली नसेल तर ती करून घ्या. तोवर घोट्याला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे एएफओ, वापरलीच पाहिजे, नाही तर टाच वर आणि पंजा खाली असाच घोटा आखडून बसतो आणि मग नस परत आली तरी उपयोग उरत नाही.

आणखी एक विचारायचे राहिले. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, चालू आहे का?

वर्धेकाठचा

कागद काढून पाहिले. अपघात रात्री सव्वादोनला झाला आणि खुबा बसवल्याची नोंद सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांची आहे, म्हणजे जवळजवळ नऊ तास झाले. केबिन कापून त्यांना बाहेर काढायलाच तास-दीड तास गेला होता आणि त्यानंतर दोन ठिकाणी फिरावे लागले.

खर्ऱ्याचे खरे सांगायचे तर दिवसाला चार पुड्या चालू आहेत. घरी बसल्यापासून त्या वाढल्या आहेत.

अस्थिपंजर

नऊ तास म्हणजे एमआरआय टाळण्यासारखा नाही. रॉड कोणत्या धातूचा आहे, ते इम्प्लांटच्या स्टिकरवर किंवा बिलावर लिहिलेले असते. तो कागद तपासणीला जाताना बरोबर न्या.

तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, हे मी रोज सांगतो आणि रोज माझ्यासमोर माना डोलावल्या जातात. एकदम सुटत नसेल तर जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्रात जा, तिथे समुपदेशन मिळते.

मीनल_फिजिओ

क्लचच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण खाणीतले आणि दगडखाणीतले चालक माझ्याकडे येतात तेव्हा हाच प्रश्न घेऊन येतात. 'व्यायाम करणे' हे दोन शब्द कार्डावर लिहून काहीही साधत नाही. टिप्परच्या केबिनमध्ये चढायला, तासन्‌तास हादरे खात बसायला आणि क्लच शेवटपर्यंत दाबून अलगद सोडायला या पायाने काय काय करावे लागते, ते आधी मांडून मग उलट दिशेने व्यायाम ठरवावे लागतात.

सध्या घरी काय करावे ते सांगते. पाय सरळ ठेवून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबून टॉवेल चेपायचा. दहा अंक मोजेपर्यंत तसेच धरून सोडायचे. ताईंनी मांडीवर हात ठेवून पाहावे. स्नायू दगडासारखा घट्ट लागला पाहिजे, नुसती वाटी हलणे पुरेसे नाही. त्यानंतर हाताने किंवा ओढणीच्या पट्ट्याने पंजा आपल्याकडे ओढून टाचेमागची शीर ताणायची, दिवसातून चार-पाच वेळा. पायावर किती भार द्यायचा, हे मात्र एक्स-रे पाहून डॉक्टरच ठरवतील. वॉकर असताना भीतीपोटी पाय अधांतरी ठेवण्याची सवय लागते, ती लवकर मोडावी लागते. मागे निखळलेल्या खुब्यासाठी सुरुवातीचे काही महिने खोल वाकून बसणे आणि मांडी घालून बसणे टाळायचे असते. देशी पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची आणा. घरोघरी नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

पायरी चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा पाय आधी. पुढे केबिनची शिडी चढतानाही हाच क्रम ठेवायचा आणि दोन हात, एक पाय किंवा दोन पाय, एक हात कायम टेकलेले असले पाहिजेत. केबिनमधून थेट उडी मारण्याची सवय तर कायमची सोडावी लागेल.

क्लचची चाचणी मी अशी घेते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर चालकाला बसवते आणि पायाखाली वजनकाटा उभा धरते. सुरुवातीला बहुतेकांना पंजाने दाबता येते, पण सावकाश सोडता येत नाही, काटा धाडकन खाली येतो. चढणीवर भरलेली गाडी उचलताना कौशल्य असते ते सोडण्यात. भाऊजींच्या बाबतीत एक बरी गोष्ट आहे. क्लच दाबणारे पोटरीचे आणि मांडीचे स्नायू वेगळे आणि पंजा वर उचलणारे वेगळे. ते दाबू शकतील अशी शक्यता बरीच आहे, पण पेडलवरून पाय उचलून बाजूला घेताना अंगठा पेडलखाली अडकला, तर तो क्षण धोक्याचा ठरेल.

जुना_खाणकरी

मी खाणीत तीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. डॉक्टरांचे झाले, आता कागदांचे सांगतो, कारण कागद नसेल तर पुढच्या उपचारांना पैसा मिळत नाही.

अपघाताच्या वेळी, २०२४ मध्ये, लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्यात हाड मोडणे ही गंभीर दुखापत धरली जाते आणि खाण व्यवस्थापनाला त्याची सूचना खाण सुरक्षा महासंचालनालयाला द्यावी लागते. माणूस कंत्राटदाराचा आहे म्हणून ती टळत नाही. ती सूचना गेली का, अपघात नोंदवहीत त्यांचे नाव आहे का आणि तिथे 'कामावर असताना' असेच लिहिले आहे का, ते लेखी अर्ज देऊन विचारा. मी असे अपघात पाहिले आहेत जे नोंदीत 'चालक गाडीतून उतरताना घसरला' होऊन बसले. त्या रात्रीचा हजेरीपट, ट्रिपचिठ्ठी आणि गेटवरची नोंद यांच्या प्रती हाती लागतील तेवढ्या लवकर घ्या, कारण मुनशी बदलतात आणि वह्याही बदलतात.

दुसरे, 'राज्य कामगार विमा का नाही' असे कोणी विचारील. खाण कायद्याखालची खाण त्या विम्याच्या कायद्यातील कारखान्याच्या व्याख्येत येतच नाही. कंत्राटदाराच्या वाहतूक आस्थापनेची वेगळी नोंदणी असेल आणि पगारातून त्या विम्याची कपात होत असेल, तर गोष्ट निराळी. पगाराची पावती पाहा.

तिसरे, दोन-तीन लाख रोख घेऊन कोऱ्या कागदावर सही करा असे सांगायला कोणीतरी येईल. आजवर आले नसेल तर दिवाळीच्या आसपास नक्की येईल.

कज्जेदलाल

नाव विनोदाने घेतले आहे, व्यवसायाने मी कामगारांच्या बाजूचा वकील आहे. खाणकरींच्या शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवात करतो. या २०२४ च्या अपघाताला लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १७ नुसार हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो आणि कलम २८ नुसार भरपाईचा समझोता त्याच कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. कोऱ्या कागदावरील सहीने हक्क कायमचा जात नाही, पण ती सही खोडून काढण्यात दोन वर्षे जातात, म्हणून ती करूच नये.

उपचारांच्या खर्चाबद्दल विचारले होते. कलम ४ मध्ये २००९ च्या दुरुस्तीने पोटकलम (२अ) घातले गेले. कामामुळे झालेल्या दुखापतीवरील उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यायचा आहे आणि तिथे 'फक्त ऑपरेशनचा' असे म्हटलेले नाही. एमआरआय, फिजिओथेरपी, एएफओ ही सगळी बिले नावानिशी आणि तारखेनिशी जपून ठेवा. उपचारांवर दिलेली रक्कम मालकाला भरपाईतून वळती करता येत नाही. कंत्राटदाराने हात वर केले तर कलम १२ नुसार ज्याच्या कामासाठी कंत्राट दिले त्या मूळ मालकाकडेही मागता येते.

पगार बंद असलेल्या काळासाठी तात्पुरत्या अक्षमतेची अर्धमासिक रक्कम असते, ती मासिक वेतनाच्या २५ टक्के. वेतन कितीही असले तरी या हिशोबासाठी जानेवारी २०२० पासून १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. म्हणजे दर पंधरवड्याला ३,७५० रुपये. मोठी रक्कम नाही, पण नागपूरच्या फेऱ्या तेवढ्यात नक्की होतात. ही रक्कम मिळू शकते हेच कोणाला माहीत नसते आणि मग फेऱ्या थांबतात.

आता टक्केवारी पाहू. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ३० टक्क्यांचे मिळाले, म्हणून कमाईची क्षमता ३० टक्केच गेली असे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये छापून आलेल्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या मोटार अपघाताच्या निकालात हाताचेच उदाहरण दिले आहे: डावा हात गेलेल्या कारकुनाचे नुकसान वेगळे, तोच हात गेलेल्या चालकाचे किंवा सुताराचे नुकसान जवळजवळ पूर्ण. कर्मचारी भरपाईच्या कायद्याखाली तर १९७५-७६ च्या सुमारासच, कोपराच्या वर हात गेलेल्या सुताराला न्यायालयाने शंभर टक्के धरले होते. तुमच्या बाबतीत आकडे मांडून पाहा. वय ४० साठी कायद्याच्या अनुसूचीतला गुणक १८४.१७ आहे. कमाईची क्षमता पूर्ण गेली असे धरले तर १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले १८४.१७, म्हणजे १६,५७,५३० रुपये. कमाईक्षमतेचे नुकसान ३० टक्के धरले तर ४,९७,२५९ रुपये. या दोन आकड्यांमधला फरक ठरतो तो पुढच्या तपासण्यांच्या कागदांवर. 'दोन महिन्यांनंतर रुग्ण आला नाही' अशी शेवटची नोंद असेल, तर समोरचा वकील तेवढेच एक वाक्य वाचून खाली बसतो.

दावा साधारणपणे दोन वर्षांत करायचा असतो. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येईल, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार दोन्हींपैकी एकच निवडावे लागते आणि तिथे आता सहा महिन्यांची मुदत आहे, त्यातले साडेतीन तुमचे गेले. खाण खासगी आवार आहे म्हणून विमा कंपनी हुज्जत घालते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये 'सार्वजनिक जागा' हा शब्द बराच व्यापक धरला आहे, पण गेटवर पास लागणाऱ्या जागेचा वाद प्रत्येक वेळी नव्याने लढावाच लागतो. दुसऱ्या टिप्परच्या चालकाची चूक स्पष्ट असेल, तर कोणता मार्ग जास्त देतो याचा हिशोब या महिन्यातच कोणाकडून तरी करून घ्या.

रानभूल

वरचे सगळे बरोबर आहे, पण एक गोष्ट कोणी धरली नाही, म्हणून लिहितो. मी स्वतः सतरा वर्षे हायवा, म्हणजे मोठा टिप्पर, चालवला आहे. एका दगडखाणीत उतारावर लोडरची धडक बसली आणि माझे खांद्याचे हाड मोडले. हाड तीन महिन्यांत जुळले, डॉक्टरांनी फिट म्हणून लिहून दिले आणि मी चौथ्या महिन्यात गाडीवर बसलो. पहिल्याच पावसाळी रात्री उतारावर समोरून हेडलाइट आले आणि माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही. मला पेडल कुठे आहे ते आठवत नव्हते असे नाही, पाय उचलला जात नव्हता. शेजारी बसलेल्या क्लीनरने माझ्या मांडीवर थाप मारली तेव्हा गाडी थांबली. घरी मी हे कोणाला सांगितले नाही, कारण आमच्यात 'घाबरला' हा शब्द लागला की ट्रिप मिळत नाही.

भाऊजी भोंग्याने ताठ होतात असे तुम्ही शेवटी ओझरते लिहिले आहे. मी तुमच्या जागी असतो तर ते सर्वांत वर लिहिले असते.

अस्थिपंजर

रानभूल यांचे बरोबर आहे आणि ते माझ्याकडून निसटले. असे ताठ होणे, झोप मोडणे, त्या रस्त्याचा विषयच टाळणे हे महिन्याहून जास्त टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. यावर उपचार आहेत. धडकेच्या वेळी डोके आपटले होते का, काही मिनिटांचे आठवत नाही असे आहे का, तेही विचारा. डोक्याला मोठा मार लागलेला असेल तर काही महिन्यांनीही फीट येऊ शकते आणि फीट येणाऱ्याने गाडी चालवणे कायद्यालाही मान्य नाही. व्यावसायिक परवान्यासाठी नमुना १-अ मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते ओळखीच्या दवाखान्यातून पाच मिनिटांत आणू नका, यात त्यांचाच जीव आहे.

वर्धेकाठचा

सर्वांचे आभार. डोके आपटले नव्हते, सगळे आठवते. उलट विसरता येत नाही, हीच अडचण आहे.

आता लाजत एक विचारतो. आमच्या नात्यातल्या एकाने सांगितले की व्यायाम करू नका, पाय जितका वाईट तितकी टक्केवारी जास्त. ताईला हे पटलेले नाही, पण भाऊजी चार दिवसांपासून टॉवेल बाजूला ठेवून बसले आहेत.

कज्जेदलाल

असा सल्ला देणारा प्रत्येक गावात एक असतो. व्यायाम न केल्याने आखडलेला घोटा अपघाताने झाला की रुग्णाच्या हलगर्जीपणाने, हा प्रश्न उलटतपासणीत पहिला येतो. फिजिओथेरपिस्टच्या तारीखवार नोंदी, सांधा किती अंशांत वाकतो त्याची मोजमापे आणि 'सहा महिने नियमित उपचार घेऊनही पंजा उचलत नाही' असे प्रमाणपत्र हा माझ्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा असतो. प्रयत्न करूनही राहिलेली अक्षमता न्यायालयाला पटते.

मीनल_फिजिओ

मी वकील नाही, पण त्या सोळा लाखांपेक्षा उरलेली वीस-पंचवीस वर्षे मांडी घालता येणे, शेतात चालता येणे मोठे आहे, हे भाऊजींना ताईंनी नव्हे, रानभूल यांच्यासारख्या चालकाने सांगावे. आमचे कोणी ऐकत नाही. नागपूर लांब पडत असेल, तर महिन्यातून एकदा तिथे आणि मधल्या आठवड्यांत जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असेल तर तिथे, अशी वाटणी करता येते. एएफओ मापाने बनवून घ्यायची असेल तर नागपूरच्या दिव्यांगांसाठीच्या संयुक्त क्षेत्रीय केंद्रात चौकशी करा.

रानभूल

फोनवर बोलायला तयार आहे. क्रमांक निरोपातून पाठवतो.

वर्धेकाठचा

सहा आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे, मधे बराच काळ गेला.

एमआरआयमध्ये गोळ्याचा रक्तपुरवठा सध्या ठीक दिसला. सहा महिन्यांनी पुन्हा करायचा आहे आणि दोन वर्षे लक्ष ठेवायचे आहे. नसेच्या तपासणीत थोडी हालचाल परतत असल्याचे दिसते. नडगीच्या वरच्या मोडीत भर धरली आहे, खालच्या मोडीत कमी आहे, म्हणून अजून अर्धाच भार द्यायचा आहे. एएफओ मिळाली, तिच्यावरून बूट चढत नाही म्हणून एक नंबर मोठा घ्यावा लागला. खर्रा दोन पुड्यांवर आला आहे. वकिलांनी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली, कंत्राटदाराकडून अर्धमासिक रकमेचे दोन हप्ते आले, आणि हो, खाणकरींनी सांगितलेला माणूस रोख घेऊन खरोखरच आला होता. ताईने त्याला चहा दिला आणि सही दिली नाही.

रानभूल यांच्याशी भाऊजी पाऊण तास बोलले. काय बोलले ते आम्हाला सांगितले नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल गुडघ्याखाली होता. मानसोपचाराची पहिली भेट येत्या गुरुवारी आहे. काल ते शेजाऱ्यांच्या बंद उभ्या ट्रॅक्टरवर दोन जणांच्या आधाराने चढून बसले आणि क्लच दाबून पाहिला. दाबला गेला. सोडताना मीनलताई म्हणाल्या तसेच झाले, पेडल धाडकन वर आले. त्यांनी तो वीस वेळा दाबून सोडला. विसाव्या वेळी थोडा हळू आला, असे ते म्हणतात. मला तरी तो तितकाच जोरात आल्यासारखा वाटला.